शिवेवरची हिरवाई : ठाणे-नवी मुंबईच्या कडेच्या जमिनींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या बैठकीत, गावच्या ओट्यावर, कधी हळदीच्या मांडवातसुद्धा हे प्रश्न मला विचारले जातात. मी नगररचनाकार नाही. पनवेल तालुक्यातल्या आगरी घरात वाढलो, आजोबांची खाडीकाठी भातशेती होती, आणि आता खारघरला चौदाव्या मजल्यावर राहतो. त्यामुळे फ्लॅटवाले मला गाववाला समजतात आणि गाववाले फ्लॅटवाला. उत्तरं त्याच अडचणीच्या जागेवरून दिली आहेत.

शहराची ‘शीव’ म्हणजे नेमकी कुठली जागा?

शीव म्हणजे हद्द. शीव स्टेशनचं नावच त्यावरून पडलं. मुंबई बेट तिथे संपायचं आणि साष्टी सुरू व्हायची. आज तिथे उभं राहून कोणी हद्द दाखवू शकणार नाही. शीव सरकत राहते. ठाण्यात ती येऊरच्या पायथ्याशी, घोडबंदर रोडच्या दोन्ही अंगांना, कोलशेतच्या खाडीकाठी आणि शीळ-डायघरकडे आहे. नवी मुंबईत पारसिकचा डोंगर, खारघरच्या टेकड्या, तळोजा, उलवे, आणि त्यापलीकडे ‘नैना’ या नव्या विमानतळाभोवतीच्या नियोजन क्षेत्रातली पनवेल-उरणची गावं.

या पट्ट्याची खूण सांगतो. एका बाजूला टॉवरचं काम चालू, दुसऱ्या बाजूला भातखाचर, मधे गुरं, आणि रस्त्याकडेला ‘प्लॉट विकणे आहे’चा बोर्ड. नकाशावर ही जागा बहुधा फिकट हिरव्या रंगात असते. पाहणाऱ्याला वाटतं, रिकामीच आहे. माझं भांडण या ‘रिकामी’ शब्दाशी आहे. पावसाचं पाणी, भरती, गुरं, बिबट्या, भात, सगळ्यांची कामं तिथे आधीपासून चालू असतात. नियोजन करायचं तर आधी ती कामं लिहून काढावी लागतात. बाग कुठे करायची हा त्यानंतरचा प्रश्न.

आमच्या सेक्टरमध्ये तीन बागा आहेत. आणखी काय हवं?

बागा हव्यातच. खारघरचं सेंट्रल पार्क, कोलशेतचं नवं मोठं उद्यान, कोपरखैरण्याच्या जुन्या कचराभूमीवरचं निसर्ग उद्यान, या जागांनी लोकांचं जगणं सुसह्य केलंय. पण बागेला पाणी घालावं लागतं, माळी लागतो, रात्री कुलूप लागतं. रानाला यातलं काही लागत नाही. त्याला फक्त तुटू न देणं लागतं. एक सलग ओढा, त्याच्या काठची झाडं आणि पुढचं पाणथळ, हे तीन तुकडे जोडलेले असतील तर ते काम करतात. मधे एक पोडियम पार्किंग आलं की उरलेले दोन तुकडे शोभेचे होतात.

दरडोई किती हिरवी जागा हवी? नऊ चौरस मीटर म्हणतात ना?

तो आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या नावावर फिरतो, पण त्या आकड्यामागचं मूळ कागदपत्र दाखवणारा मला अजून भेटलेला नाही. केंद्र सरकारच्या नगरनियोजनाच्या मार्गदर्शक सूचनांत दरडोई १० ते १२ चौ.मी. मोकळ्या जागेचा आकडा आहे. मला मात्र अंतराचं माप जास्त पटतं : घरापासून ३०० मीटरच्या आत निदान अर्धा-एक हेक्टरची हिरवी जागा. हे जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०१६ मध्ये खरंच सुचवलं होतं.

सरासरीची गंमत आपल्याकडे फार चालते. येऊरचं जंगल हिशेबात धरलं की ठाणेकर एकदम हिरवे दिसतात. कळव्याच्या चाळीतल्या आजीला त्या जंगलाचा काय उपयोग? आणि त्या जंगलाला तरी आपण सगळे रोज तिथे चालायला गेलेले कुठे परवडणार आहे?

एक-दोन एकर मोकळी जमीन बांधली तर असा काय फरक पडतो?

हिशेब करू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकरात ४,०४७ चौ.मी. असतात. दिवसभरात १०० मिमी पाऊस झाला (आपल्याकडे जुलैत यात नवल नाही) तर एकरावर चार लाख लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. सिमेंट-डांबरावरून त्यातलं बहुतेक सगळं तासाभरात गटारात येतं.

मोकळी जमीन सगळं पिते असं मात्र नाही. आषाढात जमीन तुडुंब झाली की माळावरूनही पाणी वाहतंच. पण भातखाचराची गोष्ट वेगळी. बांधाची चार बोटं उंची रिकामी असेल, म्हणजे सातआठ सेंटिमीटर, तरी एकरभर खाचर तीन लाख लिटर पाणी धरून ठेवतं आणि मग बांधाच्या तोंडातून सावकाश सोडतं. हा तलाव बांधायला कोणी निविदा काढलेली नसते. शेतकरी दरवर्षी फावडं घेऊन बांध घालतो तेव्हा तो खालच्या सेक्टरचा पूर थोडा पुढे ढकलत असतो. त्याबद्दल त्याला कोणी एक रुपया देत नाही, आणि ही गोष्ट मला फार बोचते.

धारण तलाव म्हणजे काय? त्यांत नुसता चिखलच दिसतो.

नवी मुंबई समजून घ्यायची तर इथून सुरुवात करा. वाशी, कोपरखैरणे, नेरूळ, बेलापूर या भागांतली बरीच जमीन खाडीकाठची खारजमीन आणि भरावाची. मोठ्या भरतीला खाडीचं पाणी काही भागांतल्या जमिनीपेक्षा वर असतं. अशा वेळी गटारं खाडीत उघडी ठेवली तर पाणी बाहेर जाण्याऐवजी आत येईल. म्हणून गटारांचं पाणी आधी धारण तलावात आणायचं आणि तोंडाशी झडपेचे दरवाजे बसवायचे. भरतीच्या दाबाने दरवाजा मिटतो, पाऊस तलावात साठतो; ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने दरवाजा उघडतो आणि तलाव रिकामा होतो. वीज नाही, पंप नाही.

ही डच पद्धत म्हणून सांगितली जाते. असेल. पण आमच्या खाडीकाठच्या गावांत तिला उघाडी म्हणतात. खारबांधात लाकडी फळीचा दरवाजा, काम अगदी हेच. माझे आजोबा भरतीच्या वेळा पंचांगातल्या तिथीवरून सांगायचे आणि पावसाळ्यात रात्री-अपरात्री कंदील घेऊन उघाडी बघायला जायचे. फळीत ओंडका अडकला आणि खारं पाणी शेतात शिरलं तर पुढची दोन-तीन वर्षं पीक धड येत नसे. त्यामुळे उघाडीची राखण ही गावाची पाळी होती. ज्याची पाळी चुकेल त्याला जाब विचारला जायचा. शहराने दरवाजा उचलला, पाळी नाही उचलली.

भरतीबरोबर गाळ येतो, तलाव भरत जातो, झडपा गंजतात. गाळावर कांदळवन वाढतं. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण, त्यामुळे न्यायालयाच्या परवानगीशिवाय ते हटवून गाळ काढता येत नाही. मग एकजण म्हणतो कांदळवनामुळे पूर येतो, दुसरा म्हणतो पालिकेला झाडं मारायची आहेत. दोघांचंही अर्धं बरोबर आहे. सुरुवातीपासून दरवर्षी गाळ काढला असता तर हा तिढाच पडला नसता. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी येतात त्या दिवशी आपल्याकडे या तलावांशिवाय दुसरं काही नाही. म्हणून तलावाच्या काठावर भराव टाकून जॉगिंग ट्रॅक रुंद करायची मागणी सोसायटीने करण्याआधी थोडं थांबावं, एवढंच.

फ्लेमिंगोंना अख्खी खाडी आहे. नेरूळच्या तळ्याचं एवढं काय?

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य ऑगस्ट २०१५ मध्ये जाहीर झालं. सुमारे १,६९० हेक्टर, त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त कांदळवन आणि बाकी पाणी. २०२२ मध्ये त्याला जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जाही मिळाला. पण पक्षी खातो ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात. भरती आली की तो चिखल बुडतो आणि त्यांना पाय टेकायला उथळ पाणी लागतं. ते आहे नेरूळला, अभयारण्याच्या हद्दीबाहेर. घर एका वॉर्डात आणि झोपायची खोली दुसऱ्यात, असा प्रकार. नेरूळच्या डीपीएस (दिल्ली पब्लिक स्कूल) शाळेजवळच्या तळ्यात भरतीचं पाणी येणं बंद झालं होतं, त्यावरून नागरिकांनी बरीच वर्षं आवाज उठवला, आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने ते संवर्धन राखीव करायला मंजुरी दिली. तळं राखायचं तर त्याची खाडीशी जोडलेली नळी राखावी लागते. बाकी सगळं सुशोभीकरण.

कांदळवनात डेब्रिज टाकताना दिसलं तर?

उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालाने राज्यात कांदळवन तोडायला बंदी आहे, जमीन कोणाच्याही मालकीची असो. त्याभोवती ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम किंवा भराव करता येत नाही. फोटो काढा, पण ट्रकसमोर उभे राहू नका. तारीख, वेळ, नकाशावरचं ठिकाण लिहून वन विभागाचा कांदळवन कक्ष, महापालिका आणि पोलीस, तिघांनाही एकच तक्रार पाठवा. एकालाच पाठवली की ती हद्दीच्या वादात अडकते. कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली न्यायालयाच्या आदेशाने नेमलेली समितीही आहे. तिथे तक्रार गेली की खालच्या कार्यालयांना उत्तर द्यावं लागतं.

माझी दीड एकर जमीन हरित पट्ट्यात दाखवली आहे. शहराला श्वास घ्यायचाय म्हणून मीच का उपाशी राहायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि बहुतेक वेळा रागाने. राग खरा आहे.

नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, मार्च १९७० मध्ये स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर ३४४ चौरस किलोमीटरचं शहर आखलं गेलं. जमिनी कवडीमोलाने गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई-दास्तान फाटा आणि नवघर परिसरात गोळीबार झाला, पाच जण गेले. त्यानंतर कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. ज्यांच्या घरात ही आठवण आहे त्यांना ‘हरित पट्टा’ हा शब्द ऐकला की पुन्हा कोणीतरी फुकट घ्यायला आलं असंच वाटतं. शेजारच्या सर्व्हे नंबरवर टॉवर आणि आपल्यावर झाड, ही रेषा कोणी ओढली, कशावरून ओढली, हे विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

आता उपाय काय आहेत ते सांगतो, गोड न करता.

जमीन उद्यान किंवा मैदानासाठी आरक्षित असेल तर ती पालिकेला देऊन रोख मोबदला किंवा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, घेता येतो. योजना अमलात येऊन दहा वर्षं झाली तरी ताबा घेतला नसेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली खरेदी सूचना देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. शहरांतली कितीतरी मैदानं अशीच हातची गेली. पालिकेकडे पैसे नव्हते, किंवा फाईल योग्य टेबलावर योग्य दिवशी नव्हती.

पण आरक्षण वेगळं आणि हरित विभाग वेगळा. हरित विभागात जमीन तुमचीच राहते, संपादन होत नाही, म्हणून मोबदलाही नाही. फक्त बांधकामावर कडक मर्यादा. खरी कोंडी इथे आहे. शेती परवडत नाही, विकायची तर भाव नाही, आणि फार्महाऊसवाला मात्र कुठून तरी परवानगी काढून तलाव खोदून बसलेला.

नैनात सिडको २०१३ पासून नियोजन प्राधिकरण आहे. तिथे नगररचना परियोजनांतून जमिनी एकत्र करून सुमारे ४० टक्के विकसित भूखंड मालकाला परत देण्याची पद्धत आहे. उद्यानं आणि रस्ते उरलेल्यातून निघतात, म्हणजे तोटा एकाच शेतकऱ्याच्या डोक्यावर न पडता सगळ्यांत वाटला जातो. तत्त्व मला मान्य आहे. गावांत विरोध आहे तो टक्केवारीला, विकास शुल्काला आणि ‘भूखंड परत कधी?’ या प्रश्नाला. विरोध करणाऱ्यांना विकासविरोधी म्हणणं सोपं असतं.

माझं वैयक्तिक मत : जी जमीन शहराचं पाणी धरते तिच्या मालकाला शहराने दरवर्षी पैसे द्यावेत, आमच्या मालमत्ता करातून. लिफ्टच्या देखभालीला आपण महिन्याला पैसे देतो ना? आमच्या सोसायटीत हे बोललो तर दोन जण हसले. एकाने मात्र आकडा विचारला.

शेतीला ‘हिरवी जागा’ म्हणायचं का? आठ महिने तर ती पिवळीच असते.

म्हणायचं. आमच्याकडे भात काढला की त्याच ओलीवर वाल पेरतात. थंडीत वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, मडकं आणि शेतातली आग : पोपटी. हल्ली सोसायट्यांच्या गच्चीवर पोपटी लागते, शेंगा वाशीच्या बाजारातून येतात. चांगलं आहे, पण ज्या शेतात ती लागायची ते शेत पाहायला मुलांना न्यावं लागतं.

खारजमिनीत राता भात व्हायचा, तांबडा, खारं पाणी सोसणारा. शेतातल्या तळ्यांत जिताडा मासा असे. माळावर पहिल्या पावसानंतर शेवळं, करटोली, टाकळा, कुरडू. यातलं काहीही बागेत उगवत नाही, आणि बागेतल्या माळ्याला ते तण वाटतं. बाजारात या भाज्या घेऊन बसणाऱ्या ठाकर-कातकरी बायांना विचारा : पूर्वी पाड्यामागे मिळायचं ते आता किती लांबून आणावं लागतं.

गुरचरण जमीन पडीक आहे. तिथे क्रीडासंकुल झालं तर वाईट काय?

गुरं कमी झाली, हे खरं. पण गुरचरण ही गावाची सामाईक जमीन. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात अशा जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सगळ्या राज्यांना सांगितलं. शहर जवळ आलं की सार्वजनिक सोयीसाठी पहिली नजर तिच्यावरच जाते, कारण संपादनाचा खर्च नाही. दवाखान्याला द्यावी लागली तर समजू शकतो. कुंपण घालून तासाच्या भाड्याने टर्फ चालवणं हे क्रीडासंकुल नव्हे.

डोंगर एवढे उघडेबोडके आहेत, त्यावर घरं का नकोत?

पारसिक आणि खारघरचे डोंगर उन्हाळ्यात उघडे दिसतात. जुलैत जाऊन बघा. कातळावर वीतभर माती, त्यावर गवत, आणि हजारो झरे. तीव्र उतारावर बांधकामाला नियमानेच मज्जाव आहे. १:५ हे माप नेहमी ऐकू येतं, म्हणजे पाच मीटर आडवं जाताना एक मीटर चढ. पायथ्याला काप घेतला की वरची माती सुटते. उतार न छेडताही सह्याद्रीत काय होऊ शकतं ते खालापूरच्या इर्शाळवाडीवर कोसळलेल्या दरडीने १९ जुलै २०२३ च्या रात्री दाखवलं. मग जिथे दगडखाणींनी डोंगराचं पोट कापलंय तिथल्या पायथ्याच्या वस्त्यांची आधी पाहणी व्हायला हवी. त्या वस्त्या बेकायदा आहेत हे उत्तर पावसाला समजत नाही.

बिबट्या आमच्या कॉम्प्लेक्समध्ये आला. तो आला, की आम्ही गेलो?

दोन्ही. २००९ मध्ये वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि वन विभागाने ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याला कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं. तो सुमारे १२० किलोमीटर चालत, हमरस्ता आणि रेल्वेरूळ ओलांडत, शेतांच्या कडेकडेने संजय गांधी उद्यानात आला. त्या प्रवासात त्याने माणसाला धक्का लावला नाही. २०११ मध्ये तो महामार्गावर गाडीखाली गेला. बिबट्याला शीव दिसत नाही. त्याला आडोसा, अंधार आणि कुत्री दिसतात.

उद्यानाभोवती डिसेंबर २०१६ पासून पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आहे, काही ठिकाणी १०० मीटर, काही ठिकाणी ४ किलोमीटरपर्यंत. रुंदीतला हा फरक का, ते तुम्ही ताडालच. शहर जिथे आधीच चिकटलंय तिथे पट्टा उरलाच नाही. येऊरच्या बाजूला राहत असाल तर तीन गोष्टी करा : ओला कचरा उघडा ठेवू नका, कारण त्यावर कुत्री जगतात आणि कुत्र्यांवर बिबट्या, कुंपणाकडचे फोकस खाली वळवा, आणि पिंजरा लावायची मागणी करू नका. एक नेला की त्याची जागा दुसरा घेतो.

मग येऊरचे पाडे तरी तिथे का राहू द्यायचे?

कारण ते आधीपासून तिथे आहेत. पाटोणापाडा, जांभूळपाडा यांना आणि शनिवार-रविवारच्या बंगल्यांना एकाच मापाने मोजणं हा अन्याय आहे. वारल्याच्या घरातून डीजेचा आवाज येत नाही. वनहक्क कायदा २००६ चा आहे आणि तो या लोकांना जंगल राखण्याचाही हक्क देतो. वणवा लागला की पहिला धावणारा पाड्यावरचाच असतो.

आम्ही वाढदिवसाला झाडं लावतो. मियावाकी करावं का?

शहरातल्या डेब्रिजच्या जागेवर, हमरस्त्याच्या कडेला मियावाकी जरूर करा. दाट लागवड, चौरस मीटरला तीनेक रोपं, दोन-तीन वर्षं पाणी. पण खारघरच्या पठारावर किंवा गवताळ माळावर नको. गवत हा तिथला जंगलाचा अभाव नाही. टिटवी, चंडोल, ससा, सगळे त्या गवतातच राहतात.

झाड निवडताना गुलमोहर-रेनट्रीचा मोह टाळा. खाडीच्या बाजूला करंज, भेंड, उंडी. डोंगराच्या पायथ्याला ऐन, कुंभा, आसाणा, पांगारा, बहावा. आणि दुसऱ्या पावसाळ्यातही त्याच रोपापाशी फोटो काढायचा अशी अट घाला. आमच्या गटात ही अट घातल्यावर लागवडीचा उत्साह निम्म्यावर आला, जगणाऱ्या झाडांची संख्या वाढली.

जुनं झाड तोडायला नोटीस लागली आहे. काय करू शकतो?

मुदतीच्या आत वृक्ष प्राधिकरणाकडे लेखी हरकत द्या, मुदत नोटिशीवरच असते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरतं, आणि तोडलंच तर झाडाच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. म्हणून हरकतीत वय लिहायला विसरू नका. अर्जदाराच्या कागदावर साठ वर्षांचं वडाचं झाड वीस वर्षांचं झालेलं मी पाहिलंय. आमच्या एका शेजाऱ्याने लग्नातला जुना कृष्णधवल फोटो जोडला होता. मागे झाड उभं होतं, तेव्हाच दुमजली उंच.

तलावाचं सुशोभीकरण चांगलं की वाईट?

काठाला दगडी भिंत घातली की बेडूक वर येऊ शकत नाही आणि पाणी जमिनीत मुरत नाही. ठाण्यातल्या मासुंदा तलावाला आता इलाज नाही, तो शहराचा दिवाणखाना आहे. पण घोडबंदर आणि शीळ बाजूचे, गावांच्या पोटातले तलाव अजून मातीच्या काठाचे असतील तर निदान एक बाजू तशीच ठेवा. विसर्जनासाठी वेगळा कुंड करा. कारंजं शेवटी.

विकास आराखड्यावर हरकत कशी घ्यायची? आम्हाला नकाशा वाचता येत नाही.

येतो. आधी महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या आवडत्या माळाचा, ओढ्याचा, तळ्याचा सर्व्हे नंबर शोधा. मग प्रारूप आराखड्याच्या त्या पानावर तो नंबर कुठल्या रंगात आहे ते पाहा. हरकतीला प्रसिद्धीपासून साधारण ३० दिवस मिळतात. मुदतवाढ बरेचदा मिळते, पण तिच्या भरवशावर राहू नका.

हरकत छापील नको. एकाच मजकुराच्या पाचशे प्रती म्हणजे अधिकाऱ्यासाठी एकच हरकत. ‘पर्यावरणाचा ऱ्हास होईल’ असंही लिहू नका. असं लिहा : सर्व्हे नंबर अमुक, इथून ओढा वाहतो, आराखड्यात तो दाखवलेला नाही, सोबत जुलैतला फोटो आणि गावच्या जुन्या नकाशाची प्रत, मागणी अशी की ओढ्याच्या दोन्ही बाजूंना बांधकामरहित पट्टा दाखवावा. सुनावणीला बोलावलं की जा. जाताना गावातलं एखादं जुनं माणूस सोबत न्या. पंचवीस वर्षांपूर्वी पाणी कुठपर्यंत यायचं हे ते बोट दाखवून सांगतं, आणि समोरचा अभियंता ते लिहून घेतो. मी दोनदा पाहिलंय.

मोठ्या गृहसंकुलाच्या मंजुरीतही एक गोष्ट तपासा. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या एकत्रित नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा मोठ्या भूखंडात १० टक्के मनोरंजनाची मोकळी जागा सोडावी लागते. ती कागदावर कुठे आहे आणि जागेवर कुठे आहे, ते चालत जाऊन पाहा.

आम्हाला शनिवार-रविवारचाच वेळ आहे. सुरुवात कुठून?

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून हिवाळ्यात खाडीत बोट जाते; वेळ भरतीवर ठरते, तुमच्या सोयीवर नाही. ती चुकली तर आपल्या सेक्टरचा धारण तलाव शोधा. पावसाळ्यात अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, मोठ्या भरतीला जा आणि झडप मिटते का ते बघा. मिटत नसेल, फटीतून पाणी आत येत असेल, तर व्हिडिओ काढून वॉर्ड ऑफिसला पाठवा. पुढच्या अमावस्येला पुन्हा जा. पाळी लावून घ्या, प्रत्येक मजल्याला एक महिना. आमच्या इमारतीत अकराव्या मजल्यापर्यंत नावं आली आहेत, वरचे अजून विचार करताहेत.